लाटेचे देणे

साठी उलटलेला माणूस परदेशी जाऊन आला म्हणजे लोक साधारणपणे दोन गोष्टी गृहीत धरतात. एक तर तो मुलाबाळांकडे गेला असेल, नाही तर पवित्र भूमीच्या यात्रेला. गेल्या वर्षी जून महिन्यात मी इंडोनेशियातील नियास बेटावर बारा दिवस राहून आलो, तेव्हा या दोन्ही उत्तरांनी कोणाचे समाधान होईना. तिथे माझे कोणी नातलग नाहीत आणि ते यात्रेचे ठिकाणही नाही. ‘लाटा पाहायला गेलो होतो,’ असे म्हटले की ऐकणारा माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. वसईच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या, कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाने लाटा पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा, हे त्याला पटत नाही.

त्याचे कारण माझा धाकटा मुलगा. तो ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी नोकरी करतो आणि त्याला सर्फिंगचे वेड आहे. निमुळत्या फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत जायचे, असा हा खेळ. दरवर्षी रजा काढून तो मित्रांबरोबर सुमात्राच्या पश्चिमेकडील बेटांवर जातो. या खेपेस म्हणाला, “पप्पा, एकदा माझ्याबरोबर या. मी काय करतो ते डोळ्यांनी बघा आणि मग हवे तेवढे रागवा.”

रागावण्याला तसा आधार होता. माझे वडील मच्छीमार. होडीत पाय ठेवण्यापूर्वी ते ओंजळभर पाणी उचलून कपाळाला लावीत आणि क्रूसाची खूण करीत. माझे धाकटे काका एका वर्षी पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीत गेले. त्यांची होडी सापडली, ते सापडले नाहीत. त्यानंतर माझी आई रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभी राहून परतणारी शिडे मोजू लागली. आमच्या आळीची सारी शिडे मोजून झाल्याशिवाय घरात चूल पेटत नसे. ज्या पाण्याकडे आम्ही भाकरीच्या आशेने आणि मरणाच्या धाकाने पाहिले, त्याच पाण्यात निव्वळ मौजेसाठी का उतरायचे, हा माझा मुलाशी जुना वाद आहे.

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी बेटांची एक माळ आहे. उत्तरेकडून सिमेलुए, नियास, बातू आणि मेंतावाई अशी तिची क्रमवारी. त्यांपैकी नियास सुमारे सव्वाशे किलोमीटर लांबीचे आहे. मेदानहून लहान विमानाने तासाभरात गुनुंगसितोली या त्याच्या मुख्य शहरी उतरायचे आणि तेथून मोटारीने तीन तास दक्षिणेकडे जायचे. वाटेत नारळ, रबर, केळी, चिखलात लोळणारी डुकरे आणि दर दोन-चार मैलांवर एखादे चर्च. १८६५ साली जर्मन मिशनरी या बेटावर आले. आज येथील बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट असून कॅथलिकांचा समाज लहान, पण ठळक आहे. रविवारी सकाळी रस्त्यावर धुतलेल्या सदऱ्यांतली, हातात गीतांचे पुस्तक धरलेली माणसे दिसली, तेव्हा आपण परक्या मुलखात आलो आहोत असे क्षणभर वाटले नाही.

दक्षिण टोकाला लागुंद्री नावाचा घोड्याच्या नालासारखा उपसागर आहे. त्याच्या तोंडाशी, सोराके येथे, प्रवाळाचा एक सपाट खडक समुद्रात शिरला आहे. हजारो मैलांवरून माणसे येतात ती या खडकावर फुटणाऱ्या लाटेसाठी. किनाऱ्यालगत घरगुती मुक्कामाच्या खोल्यांची रांग आहे. तिकडे अशा घराला ‘लोस्मेन’ म्हणतात. आम्ही उतरलो ते घर एका पन्नाशीच्या विधवा बाईचे होते. आम्ही पोचताच मुलाने पिशवीतून एक चश्मा काढून तिच्या सासूच्या हाती दिला. गेल्या खेपेस त्याने कागदावर नंबर लिहून नेला होता म्हणे. म्हातारीने चश्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि काहीतरी बोलली. साऱ्यांना हसू आले. “या मुलाचा बाप याच्यापेक्षा बरा दिसतो, असे म्हणते आहे,” मुलाने अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी व्हरांड्यात बसून ती लाट प्रथम पाहिली. आमच्या किनाऱ्यावरची लाट वाळूवर हळूहळू चढते, धापा टाकीत येते. ही तशी नव्हे. क्षितिजावर एक काळसर रेघ उमटते, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. खोल पाण्यातून आलेली ती रेघ अकस्मात उथळ खडकाला अडते आणि भिंतीसारखी उभी राहते. तिचा माथा पुढे कलतो, आत एक पोकळ बोगदा तयार होतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ती उलगडत जाते. एवढे होऊनही उपसागराचे मधले पाणी तळ्यासारखे शांत असते.

मुलाने मला तिचे मूळ समजावून सांगितले. मे ते सप्टेंबर हा दक्षिण गोलार्धातील हिवाळा. त्या काळात अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रात मोठी वादळे होतात. वाऱ्याने पाण्यावर जो आघात केला, तो लाट होऊन निघतो. पाणी स्वतः प्रवास करीत नाही. ते जागच्या जागी गोल फिरून थांबते, पुढे जातो तो केवळ धक्का. दोरीचे एक टोक झटकले की दोरी हातातच राहते आणि झटका दुसऱ्या टोकाला पोचतो, तसे. लांब पल्ल्याच्या लाटा वेगाने पुढे जातात, आखूड लाटा मागे पडतात, म्हणून वादळातला गोंधळ वाटेत आपोआप निवडला जातो आणि येथे पोचते ती शिस्तीची रांग. असा लाटांचा समूह ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेगाने येतो आणि पाच हजार किलोमीटर अंतर कापायला त्याला पाचेक दिवस लागतात. १९६३ साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अशाच लाटांचा माग दक्षिण महासागरापासून थेट अलास्कापर्यंत काढला होता. आपण व्हरांड्यात चहा पीत जी लाट पाहतो, ती पाच दिवसांपूर्वीच्या, आपण न पाहिलेल्या एका वादळाचा शेवटचा शब्द असते, या विचाराने मी काही काळ स्तब्ध झालो.

ही लाट परक्यांच्या नकाशावर आली १९७५ साली. तीन ऑस्ट्रेलियन तरुण तिच्या शोधात येथे पोचले आणि किनाऱ्यावरच्या रानात राहिले. तेव्हा मुक्कामाची घरे नव्हती, रस्ता धड नव्हता. होते ते डास. त्या तिघांपैकी एकाला मलेरिया झाला आणि वर्षभरातच तो दगावला. मग बातमी पसरली, आणखी तरुण आले, झोपड्या उभ्या राहिल्या, झोपड्यांच्या खोल्या झाल्या. लाट ‘सापडली’ असे खेळाच्या इतिहासात लिहितात. नियासच्या लोकांना ती कधी हरवलेलीच नव्हती. त्यांना तिचे काम नव्हते एवढेच.

दक्षिण नियासची जुनी गावे किनाऱ्यावर नाहीत, टेकड्यांच्या माथ्यावर आहेत. एके दिवशी मला बावोमाताल्वो या गावी नेण्यात आले. दगडी पायऱ्यांचा उंच जिना चढून वर गेले की फरसबंदी चौक लागतो आणि दोन्ही बाजूंना उंच छपरांची लाकडी घरे. त्या चौकात माणसाच्या उंचीहून अधिक उंच असा दगडी चौथरा आहे. तरुण धावत येऊन त्याच्यावरून उडी मारतात. पूर्वी ही योद्ध्यांची परीक्षा होती. गुलामांसाठी घातल्या जाणाऱ्या छाप्यांच्या आणि गावागावांतल्या लढायांच्या काळात उंचावर राहणे हेच संरक्षण होते. ही माणसे स्वतःला ‘ओनो निहा’ म्हणजे माणसांची लेकरे म्हणवतात. तेथील घरांचे खांब मला विशेष वाटले. काही उभे, काही तिरके, एकमेकांना आधार देणारे. आणि जमिनीत न पुरता नुसते दगडांवर टेकवलेले. “जमीन हलली की घरही तिच्याबरोबर हलते, मोडत नाही,” आमचा वाटाड्या म्हणाला. त्या वाक्याचा पुरता अर्थ मला त्याच रात्री कळला.

जेवणे झाल्यावर आमच्या यजमानीणबाई व्हरांड्यात येऊन बसल्या. मी मुलाला त्यांना भूकंपाविषयी विचारायला लावले. त्यांनी आधी आतला दिवा मालवला, मग सांगू लागल्या. मुलगा मला वाक्यावाक्याने मराठीत सांगत होता.

२६ डिसेंबर २००४, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. त्या दिवशीच्या त्सुनामीने या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरही माणसे गेली. ती भीती उतरते न उतरते तोच २००५ सालचा ईस्टर आला. रविवारी मिस्सा झाली, सोमवारी पाहुणेरावळे झाले. सोमवार, २८ मार्चच्या रात्री अकरा वाजून गेल्यावर जमीन अशी हादरली की उभे राहता येईना. ८.६ तीव्रतेचा तो भूकंप होता. बाईंनी लहान मुलाला पाठीशी बांधले, थोरल्याचा हात धरला आणि काळोखात टेकडी गाठली. सारा गाव रात्रभर वर बसून होता. कोणी बोलत नव्हते. सर्वांचे कान समुद्राकडे लागले होते. त्यांच्यावर लाट आली नाही. पण उजाडल्यावर पाहतात तो ओहोटीला पूर्वी कधी उघडा न पडलेला प्रवाळ उघडा पडला होता आणि भरती पहिल्या खुणेपर्यंत चढेना. पाणी उतरले नव्हते, जमीनच वर आली होती. नियासचा पश्चिम किनारा काही ठिकाणी जवळजवळ तीन मीटर उचलला गेला. पुढे कित्येक दिवस मेलेल्या प्रवाळाचा वास वाऱ्यावर येत होता.

खरा संहार झाला तो गुनुंगसितोलीत. तिथल्या सिमेंटच्या इमारती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मृतांची संख्या हजाराच्या आसपास गेली. टेकडीवरची, दगडावर टेकलेल्या खांबांची जुनी घरे बहुतांशी उभी राहिली. बाईंच्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी शहरात एका नव्या, पक्क्या घरात राहत होता. एवढे सांगून त्या थांबल्या.

आता पुढची गोष्ट. खडक वर आल्यामुळे लागुंद्रीच्या उपसागरातले पाणी उथळ झाले आणि लाट पूर्वीपेक्षा अधिक पोकळ, अधिक बलवान फुटू लागली. या खेळातले जाणकार ती अधिक चांगली झाली असेच सांगतात. ज्या धक्क्याने एक शहर गाडले, त्यानेच ही लाट घडवली. मी मुलाकडे पाहिले. त्याला हे ठाऊक होते. त्याने मान खाली घातली नाही, पण उत्तरही दिले नाही. उत्तर बाईंनीच दिले. त्या म्हणाल्या, “लाट चांगली झाली. पाहुणे वाढले. या तीन खोल्या त्याच पैशांतून बांधल्या, मुले शिकली. आणि लाट मोठी असली की मला बहिणीचा मुलगा आठवतो. दोन्ही खरे आहे.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती आणि गोडवाही नव्हता. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च समोरासमोर लिहावेत, तसे त्यांनी ते सांगितले.

त्या रात्री मला झोप येईना. आपल्या मराठीत ‘देणे’ हा मोठा विलक्षण शब्द आहे. परमेश्वराचे देणे म्हणजे त्याने आपल्याला दिलेले दान. आणि वाण्याचे देणे म्हणजे आपण फेडायचे राहिलेले कर्ज. एकाच शब्दात मिळालेले आणि चुकते करायचे असे दोन्ही सामावले आहे. लाटेचेही तसेच असावे. ती येणाऱ्याला आनंद देते, फुकट देते. पण ती ज्या किनाऱ्यावर फुटते, त्या किनाऱ्याने तिच्यासाठी काय मोजले आहे, हे जाणून घेतल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब ओळखणारी माणसे या खेळातही निघाली. १९९९ साली डेव्ह जेंकिन्स नावाचे न्यूझीलंडचे एक डॉक्टर लाटांच्या ओढीने मेंतावाई बेटांवर गेले. बोटीवर उत्तम जेवण, समोर जगातल्या उत्तम लाटा. आणि किनाऱ्यावरच्या गावात बायका आणि मुले मलेरियाने व कुपोषणाने मरत होती, अगदी साध्या उपायांनी टळतील अशा आजारांनी. ते दृश्य पाहून डॉक्टर परत आले आणि दुसऱ्याच वर्षी, २००० साली, त्यांनी ‘सर्फएड’ ही संस्था उभी केली. मच्छरदाण्या, माता व बालकांचे आरोग्य, स्वच्छ पाणी असे तिचे काम. २००५ च्या भूकंपानंतर तिने नियासमध्येही मदत केली. बोट आणि गाव यांच्यातले अंतर काही हातांचे असेल. ते अंतर पोहून जाणारे पुष्कळ होते. गावात शिरून विचारपूस करणारा एखादाच.

घेण्यासारखे आपल्याकडेही पुष्कळ आहे, हे मला शेजारच्या सिमेलुए बेटाच्या कथेने शिकवले. तेथे १९०७ साली त्सुनामीने मोठा विध्वंस केला. त्या लाटेला बेटावरचे लोक ‘स्मोंग’ म्हणतात. भूकंप जोराचा झाला आणि समुद्र मागे हटला, तर स्मोंग येणार, मागे न पाहता डोंगराकडे पळा, एवढा धडा आज्यांनी नातवंडांना गोष्टींतून आणि गाण्यांतून दिला. जवळजवळ शंभर वर्षे तो तोंडी टिकला. २००४ च्या त्सुनामीत सिमेलुए भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ होते आणि लाट तेथे थोड्याच मिनिटांत पोचली. तरी सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर अवघी सात माणसे दगावली. तिथे ना भोंगे होते ना यंत्रे. आजीचा शब्द होता आणि तो मानणारी नातवंडे होती. आमच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना वारा, ढग आणि पाण्याचा रंग पाहून जे कळत असे, त्यातले आमच्या नातवंडांपर्यंत किती पोचले, हा प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतो आहे.

उरलेले दिवस मी मुलाकडे लक्षपूर्वक पाहिले. खेळणारा माणूस बेफिकीर असतो, अशी माझी कल्पना. पण पाण्यातला त्याचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जात होता. फळीवर बसून तो क्षितिज न्याहाळी, खडकातल्या खुणा पाही, भरतीची वेळ मनात धरी. जाळे टाकण्यापूर्वी माझे वडील असेच तास तास पाण्याकडे पाहत बसत. या खेळाला शिस्तही आहे. लाट जिथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, तिच्यावर हक्क त्याचा. दुसऱ्याने मध्ये शिरायचे नाही. नियासची मुले आता या खेळात पाहुण्यांच्या तोडीस तोड झाली आहेत. पाहुण्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या फळ्या जोडून त्यांच्या आधीच्या पिढीने सुरुवात केली म्हणे. एकदा मुलाच्या वाट्याला फार सुंदर लाट आली होती. शेजारी दहा-बारा वर्षांचा एक पोरगा होता. मुलाने हात पाण्यातून काढून घेतले आणि त्याला खुणेने ‘जा’ म्हटले. पोरगा गेला, बोगद्यातून बाहेर येताना त्याने घातलेली आरोळी व्हरांड्यापर्यंत ऐकू आली. मी त्याविषयी मुलाला काही बोललो नाही. काही गोष्टी बापाने पाहिल्या आहेत एवढे पुरे असते.

शेवटच्या रविवारी आम्ही यजमानीणबाईंबरोबर मिस्सेला गेलो. भाषा कळत नव्हती, पण कोणत्या वेळी उभे राहायचे, कोणत्या वेळी गुडघे टेकायचे, ते शरीराला ठाऊक होते. अर्पणाच्या वेळी लोकांनी वेदीशी रताळी, केळीचे घड आणि भात आणून ठेवला. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत फादरांनी एक यादी वाचली; मला त्यातली फक्त नावे कळली, आणि एका नावाशी बाईंनी डोळे मिटले ते कळले. शांतीच्या वेळी त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “याहोवू.” नियासमध्ये नमस्कार आणि आशीर्वाद या दोन्हींसाठी हाच एक शब्द आहे.

त्या दिवशी दुपारनंतर वारा पडला आणि लाटा वाढल्या. मुलगा फळी घेऊन खडकातल्या खिंडीतून पाण्यात उतरला. मी व्हरांड्यात बसलो. सूर्य खाली जाऊ लागला तशी चकाकत्या पाण्यावर फक्त काळी डोकी दिसू लागली. आमचे कोणते आणि दुसऱ्यांचे कोणते, ओळखणे अशक्य. तेवढ्यात शेजारी कुजबुज ऐकू आली. बाई तांदळाचे सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हात निवडण्यात आणि डोळे समुद्राकडे. “सारा, दुआ, तोलु, ओफा...” त्या आपल्या घरी उतरलेल्या पोरांची डोकी मोजीत होत्या. नंतर मुलाने सांगितले, त्या रोजच मोजतात. सगळी बाहेर आल्याशिवाय भात शिजायला टाकीत नाहीत. मीही त्यांच्याबरोबर मोजू लागलो, त्या त्यांच्या भाषेत आणि मी माझ्या. एक डोके कमी भरले. आम्ही दोघेही उभे राहिलो. मग लाटेच्या पलीकडून एक फळी वर आली, तिला बिलगलेला एक हात दिसला, आणि बाई आत चूल पेटवायला गेल्या.